स्वतः खोलायचा स्कूबा रेग्युलेटर कसा निवडावा

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून देणारं यंत्र, घेताना बहुतेक जण आधी विचारतात, श्वास किती हलका येतो? सर्व्हिस स्वतःच्या हाताने करायची असेल तर हा प्रश्न यादीत तळाला टाका. युरोपच्या ईएन 250 या मानकानुसार रेग्युलेटरला 50 मीटर खोलीच्या दाबावर मिनिटाला 62.5 लिटर हवा द्यावी लागते आणि तरी श्वासाचा भार लिटरमागे 3 जूलच्या आत ठेवावा लागतो. मिनिटाला 62.5 लिटर म्हणजे चांगल्याच धापा टाकणाऱ्या माणसाचा श्वास. ही परीक्षा पास झालेला कुठलाही रेग्युलेटर हौशी डायव्हरला पुरून उरतो. विचारायचं ते वेगळंच: याची सीट, म्हणजे हवा अडवणारी मऊ टिकली, मला पुढची दहा वर्षं मिळेल का? आणि मी जोडलेला रेग्युलेटर नीट जोडला गेलाय, हे मला मोजून कळेल का?

माझी नोकरी प्रेशर गेज कॅलिब्रेट करण्याची. त्यामुळे ‘चालतंय की’ हे उत्तर माझ्या कानाला लागत नाही, काटा कुठे थांबला ते सांगा. पुढचं सगळं त्याच सवयीतून आलेलं आहे. आणखी एक, ज्यांना अडकलेला भाग दिसला की जोर लावल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी रेग्युलेटर सर्व्हिसवाल्याकडेच द्यावा. पाण्याखाली याच वस्तूतून श्वास घ्यायचा आहे. वॉरंटी चालू असलेला रेग्युलेटरही खोलू नका, बहुतेक कंपन्या ती तिथेच संपवतात.

रचना थोडक्यात सांगते. सिलिंडरमधली 200 किंवा 232 बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये उतरते आणि भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त, एवढ्या दाबावर येऊन थांबते. हा मधला दाब, म्हणजे इंटरमीजिएट प्रेशर. सगळे त्याला आयपी म्हणतात, मीही तेच म्हणेन. होजमधून ही हवा तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते आणि तुम्ही ओढाल तेवढीच बाहेर पडते. फर्स्ट स्टेजची तब्येत आयपीवरून कळते. आयपी दाखवणारा छोटा गेज बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाच्या, इन्फ्लेटर होजला लागतो. रेग्युलेटर घेण्याआधी हा गेज घ्या. जुना रेग्युलेटर बघायला जातानाही तो खिशात हवा.

फर्स्ट स्टेज: पिस्टन की डायफ्रॅम

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे अनबॅलन्स्ड पिस्टन. स्कुबाप्रोचा एमके 2 हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आत हलणारा भाग एकच, पिस्टन. त्यावर दोन ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), टोकाला सीट, मागे स्प्रिंग. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला यापेक्षा सोपं काही नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, सिलिंडर रिकामा होत जातो तसा याचा आयपी उतरतो आणि तळाला श्वास थोडा जड लागतो. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. दोन, या जातीच्या बऱ्याच मॉडेलांत सीट ज्या धारेवर टेकते ती धार फर्स्ट स्टेजच्या पितळी अंगातच कोरलेली असते. तिला ओरखडा गेला तर अख्खं अंग गेलं. कुठलाही सर्व्हिस किट, म्हणजे बदलायच्या भागांचा संच, ते परत आणू शकत नाही.

बॅलन्स्ड पिस्टन, म्हणजे एमके 5, एमके 10, एमके 25 हे घराणं, हवा भरपूर देतं आणि सिलिंडर भरलेला असो की उतरलेला, आयपी जवळजवळ तोच ठेवतं. पण पिस्टनच्या दांड्यावरच्या हाय प्रेशर ओ-रिंगवर सिलिंडरचा पूर्ण दाब येतो आणि तिच्यातून दांडा सतत सरकत असतो. ती रिंग बसवायला आणि पिस्टन तिच्यातून न कापता सरकवायला वेगळी हत्यारं लागतात. दांड्याच्या टोकाला लावायची टोपी, तिला बुलेट म्हणतात, नसेल तर पिस्टनची धारच नवी ओ-रिंग कापते. शिवाय धार पिस्टनवरच असते, म्हणजे हातातून निसटून फरशीवर पडला तर नवा पिस्टन. यात जमेची बाजू एवढीच की पिस्टन बदलता तरी येतो.

बॅलन्स्ड डायफ्रॅममध्ये भाग जास्त आणि आकृती बघून घाबरायला होतं, पण मी शिकणाऱ्याला हाच सुचवते. कॉन्शेल्फ, एपेक्सचा डीएस 4 ही त्यातली जुनी-जाणती नावं. कारण साधं आहे. स्प्रिंग आणि ती दाबणारा स्क्रू डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचीक पडद्याच्या, बाहेरच्या बाजूला, हवेचा सगळा कारभार आतल्या बाजूला. समुद्राचं पाणी आत शिरत नाही. सील असलेल्या मॉडेलांत तर स्प्रिंगपर्यंतही पोहोचत नाही. पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये मात्र पाणी स्प्रिंगच्या खोलीतून खेळत असतं, सोबत मीठ आणि वाळू घेऊन. दुसरं, आयपी बाहेरून ॲलन कीने फिरवता येतो. साध्या पिस्टनमध्ये तो बदलायचाच झाला तर खोलून पातळ वॉशर घालावे-काढावे लागतात. तिसरं, घासली जाणारी ओ-रिंग इथे एकच, पॉपेटच्या, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, दांड्यावरची. बाकीच्या जागच्या जागी दबून बसलेल्या. आणि बऱ्याच मॉडेलांत धारेचा तुकडा, क्राउन, सुटा असतो. म्हणजे ओरखडा हे मरण नाही, एक सुटा भाग आहे.

गढूळ किंवा थंड पाण्यात जाणार असाल तर सील केलेला डायफ्रॅमच घ्या, तिथे चर्चेला जागा नाही.

सेकंड स्टेज

इथे सरळ पितळी नळी, तिच्या एका तोंडाला ऑरिफिस (हवा आत येण्याचं फिरवता येणारं भोक), आत स्प्रिंग आणि पॉपेट, दुसऱ्या टोकाला लिव्हर असा जुना साचा शोधा. स्कुबाप्रोचे 109 आणि जी 250 याच साच्यातले. 109 मध्ये नंतरच्या पिढीचा बॅलन्स्ड पॉपेट बसतो, त्यामुळे कित्येक दशकं जुनी धातूची सेकंड स्टेज आजच्या दर्जाने चालवता येते. अशी सोय फार कमी डिझाइनांत आहे. प्लास्टिकचं अंग वाईट नसतं, पण ज्यात ऑरिफिसचे आटे थेट प्लास्टिकमध्ये आहेत ते टाळा. चारदा खोललं की आटे सैल.

सर्व्हो व्हॉल्व्हवाल्या सेकंड स्टेज, पोसायडनच्या जेटस्ट्रीमसारख्या, श्वासाला फार सुरेख असतात. शिकायला नकोत. आणखी एक बाब त्यांच्या बाबतीत जीवावरची आहे. साधी सेकंड स्टेज डाउनस्ट्रीम असते, म्हणजे आयपी वेडावाकडा चढला तर तिचा पॉपेट आपोआप ढकलला जातो आणि हवा फुसफुसत बाहेर पडते. अपस्ट्रीम रचनेत दाब चढला की व्हॉल्व्ह उलट आणखी घट्ट बसतो. म्हणून तिथे फर्स्ट स्टेजवर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. टेबलावर फर्स्ट स्टेज तपासतानाही हेच लक्षात ठेवा: निदान एक डाउनस्ट्रीम सेकंड स्टेज जोडलेली असल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही. नाहीतर सीट गळत असेल तर सिलिंडरचा दाब होजवर येतो.

मुख्य आणि ऑक्टोपस, म्हणजे अडचणीत सोबत्याला द्यायची जादा, दोन्ही सेकंड स्टेज एकाच मॉडेलच्या घ्या. पिवळा ऑक्टोपस स्वस्तात मिळतो म्हणून वेगळा घेतलात तर किट दोन, हत्यारं दोन, लिव्हरच्या मापाचे आकडे दोन.

सीट मिळते का ते आधी बघा

ओ-रिंगांची काळजी करू नका. त्या एएस 568 मापाच्या असतात, कुठल्याही चांगल्या सील विक्रेत्याकडे क्रमांकाने मिळतात. लो प्रेशर होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला 011, सेकंड स्टेजकडच्या टोकाला 010, हाय प्रेशर होजला 012, सिलिंडरच्या योक व्हॉल्व्हला (ज्यावर रेग्युलेटर चापाने आवळतात) 014. जास्त दाबाच्या जागी 90 ड्युरोमीटर कडकपणाची घ्या, 70 ची मऊ रिंग फटीत दबून फाटते. अडतं ते सीटवर, डायफ्रॅमवर आणि पॉपेटवर. हे भाग कंपनीचेच लागतात, आणि काही कंपन्या किट फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच देतात.

म्हणून मॉडेल आवडलं की पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात आल्या पाहिजेत: सुट्या भागांच्या क्रमांकांसह फोडलेली आकृती, सर्व्हिस मॅन्युअल ज्यात आयपीची मर्यादा आणि टॉर्कचे, म्हणजे कुठला भाग किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे आहेत, आणि एक प्रत्यक्ष विकत घेतलेला किट. ‘मिळेल’ असं सांगितलेला किट धरायचा नाही. मी तर किट आधी आणि रेग्युलेटर नंतर घेते. घरातल्यांना हे विचित्र वाटतं, वाटू दे.

लोकप्रिय जुनं मॉडेल हे नवीन देखण्या मॉडेलपेक्षा या कामाला बरं. हजारोंनी विकलेलं असतं, भाग पुढच्या मॉडेलांशी जुळतात, आणि ते खोललेली माणसं भेटतात. फार जुन्या फर्स्ट स्टेजमध्ये मात्र एक सापळा असतो. आज लो प्रेशर पोर्टला 3/8 इंच, 24 आटे आणि हाय प्रेशर पोर्टला 7/16 इंच, 20 आटे असतात, त्यामुळे चुकीचा होज चुकीच्या जागी बसूच शकत नाही. जुन्यांत दोन्ही पोर्ट 3/8 चे असू शकतात. तिथे लो प्रेशरचा होज हाय प्रेशरच्या भोकात निमूट बसतो, आणि सिलिंडर उघडला की फुटतो. अशा पोर्टमध्ये 7/16 चा अडॅप्टर कायमचा बसवून टाका.

सिलिंडरला जोडायला चापाचा योक की आट्यांनी फिरवून बसवायचा डिन? डिन. ओ-रिंग आत पकडलेली राहते आणि खोलायला योकइतकंच सोपं. पुढे.

जुना माल हातात आल्यावर

विकणारा ‘एकदम चालू’ म्हणेलच. तुम्ही आधी फर्स्ट स्टेजच्या तोंडातली गाळणी बघा. ही दाबून बनवलेल्या धातूकणांची टिकली असते. राखाडी आणि स्वच्छ असेल तर ठीक. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलेलं आहे, बहुधा धूळटोपी न लावता धुतल्यामुळे. तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज आला आहे. हिरवी गाळणी असलेला पिस्टन रेग्युलेटर मी परत ठेवते. डायफ्रॅमचा असेल तर घासाघीस करते.

मग आयपी गेज लावा आणि सिलिंडर हळू उघडा. काटा झटकन वर जाऊन एका जागी थांबला पाहिजे. पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं, न ओढता हवा सोडणारं) दाबून सोडा: काटा पडतो, परत येतो, थांबतो. तो थांबण्याच्या जागेकडे नीट बघा. 9.5 वर आला आणि तिथून मुंगीच्या पावलांनी 9.6, 9.7, 9.8 असा सरकत राहिला तर सीट बसत नाही. हे क्रीप. विकत घ्यायला ते अडथळा नाही, सीट तशीही बदलणारच आहात. पण त्याचं कारण धार खराब हे असू शकतं, म्हणून शक्य असेल तर खोलून बघायची परवानगी मागा.

धार बघायला दहापट भिंग आणि एका बाजूने पडणारा उजेड लागतो. तुकडा उजेडाखाली सावकाश फिरवा. धारेवर प्रकाशाची एक बारीक कडी दिसते, आणि फिरवताना ती कुठेही तुटता कामा नये. एखाद्या जागी चमक खंडित झाली की तिथे चिरा किंवा दबलेला भाग आहे. जुन्या सीटवरचा ठसाही वाचा. एकच बारीक, सारख्या खोलीचा गोल म्हणजे सगळं सरळ रेषेत आहे. एका बाजूला खोल, दुसरीकडे उथळ, किंवा दोन गोल एकमेकांवर आलेले असतील तर काहीतरी तिरकं हलतंय. नवी सीट घालूनही तोच त्रास परत येणार.

हत्यारं आणि स्वच्छता

आयपी गेज, भिंग, चांगल्या ॲलन कीज, तुमच्या मॉडेलचा पिन पाना, छोटा टॉर्क रेंच, आणि ओ-रिंग काढायला पितळेचा किंवा प्लास्टिकचा आकडा. स्टीलची सुई, दाभण, शिवणाची पिन टेबलावरच ठेवू नका. चरात एक ओरखडा गेला की ती जागा कायम गळते. सेकंड स्टेजसाठी होज आणि स्टेज यांच्या मध्ये बसणारा इनलाइन ॲडजस्टर मिळतो, दाब चालू असताना ऑरिफिस फिरवता येतं. त्याच्याशिवायही जमतं, पण दर वेळी हवा सोडून, होज काढून, अंदाजाने पाव फेरा देऊन परत जोडत बसावं लागतं.

पितळी, क्रोम चढवलेले भाग कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन पाच-दहा मिनिटं ठेवा, अल्ट्रासॉनिक असेल तर त्यात. रात्रभर भिजत टाकू नका, क्रोम सुटतो. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम आणि रबर यात अजिबात नको. नंतर भरपूर साध्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. ग्रीस एवढंच की ओ-रिंग चकाकली पाहिजे, पांढरी दिसता कामा नये. सिलिकॉनच्या डायफ्रॅमला सिलिकॉन ग्रीस लावू नका, तो फुगतो. 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन वापरणार असाल तर सगळं ऑक्सिजन क्लीन, म्हणजे तेलाचा अंशही न ठेवता धुतलेलं, आणि ग्रीस क्रिस्टो-ल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं. हे काम पहिल्या वर्षात हातात घेऊ नका.

खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढा आणि भाग निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे पांढऱ्या कापडावर मांडा. एका वेळी एकच स्टेज खोला. म्हणजे दुसरी जोडलेली नमुन्याला समोर असते.

जोडल्यावर मोजणं

आधी आयपी. नवी सीट सुरुवातीला धारेवर बसत असते, त्यामुळे पहिले काही मिनिटं आकडा थोडा हलतो. पर्ज पंधरा-वीस वेळा दाबून सोडा, मग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. आयपी कमी करायला स्क्रू सैल केलात तर पर्ज दाबल्याशिवाय काटा खाली येणार नाही, आतली हवा अडकलेली असते. आकडा लागला की दहा मिनिटं हात न लावता सोडा आणि परत वाचा. तोच असला पाहिजे. मग उतरलेल्या सिलिंडरवर, 50 बारच्या आसपास, पुन्हा वाचा. बॅलन्स्डमध्ये फरक नगण्य. अनबॅलन्स्डमध्ये तो दिसेल, म्हणून त्याची सेकंड स्टेज नेहमी भरलेल्या सिलिंडरवर लावायची. उतरलेल्या सिलिंडरवर हलकी लावलीत तर भरलेल्यावर आयपी जास्त मिळतो आणि ती गळू लागते.

आयपी स्थिर झाल्याशिवाय सेकंड स्टेजला हात लावू नका. ऑरिफिस आत फिरवत नेलं की फुसफुस थांबते आणि लिव्हरची ढिलाई वाढत जाते. लिव्हर अगदी जरासा हलावा, खुळखुळू नये. मग बादलीची परीक्षा घ्या. सेकंड स्टेज माउथपीस वर करून आडवी धरा, म्हणजे डायफ्रॅम खाली पाण्याकडे. सावकाश पाण्यात उतरवा. डायफ्रॅम पाण्याच्या पातळीखाली जितके सेंटिमीटर असताना हवा सुरू होते, तेवढ्या सेंटिमीटर पाण्याइतका जोर श्वास सुरू करायला लागतो. अडीच ते साडेतीन सेंटिमीटर उत्तम. एक-दीड सेंटिमीटरवर आणण्याचा मोह होतो, पण पाण्यात उडी मारताच ती फ्री-फ्लो करेल, म्हणजे न ओढताच हवा वाहत राहील. ऑक्टोपस थोडा जड ठेवा, तो तोंडात नसतो, प्रवाहात लोंबकळतो.

त्यानंतर फर्स्ट स्टेज दाबाखाली असताना अख्खी बुडवून बुडबुडे बघा. शेवटी हवा बंद करून, दाब पूर्ण उतरवून, धूळटोपी लावून माउथपीसमधून ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्रॅम नीट बसलेला नाही किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली केस किंवा वाळूचा कण अडकला आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची असते, आणि टेबलावर झकास चालणारा रेग्युलेटर पाण्यात पाणी का ओढतो याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पहिला डाइव्ह उथळ, सोबत्याला सांगून, आणि त्या दिवशी सोबत्याचा रेग्युलेटर तुम्ही सर्व्हिस केलेला नसावा. दोघांचेही एकाच संध्याकाळी खोलू नका.

वहीत तारीख, भरलेल्या आणि 50 बारच्या सिलिंडरवरचा आयपी, दहा मिनिटांनंतरचा आयपी आणि बादलीतले सेंटिमीटर लिहा. महिन्यातून एकदा गेज लावून तेच आकडे परत घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीच्या पत्रकात वर्ष किंवा शंभर डाइव्ह असं काहीतरी लिहिलेलं असतं, ती मुदत पाळाच. पण काटा त्याआधी सरकायला लागला तर त्याच आठवड्यात खोला, आणि तोवर तो रेग्युलेटर पाण्यात नेऊ नका.